दिनविशेष : ११ नोव्हेंबर १७९४ : कॅनन्डाग्वा करार

न्यूयॉर्क राज्यातील कॅनन्डाग्वा येथे अमेरिका आणि इरोक्वॉय महासंघातील सहा मूलनिवासी राष्ट्रे यांच्यात आजच्या दिवशी करार झाला. जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या वतीने टिमोथी पिकरिंग यांनी सही केली; समोर सहांपैकी सेनेका राष्ट्राचे कॉर्नप्लांटर, रेड जॅकेट यांच्यासारखे पुढारी होते. ओहायोकडच्या मूलनिवासींशी चाललेल्या लढाईत ही राष्ट्रे त्यांना जाऊन मिळू नयेत, ही अमेरिकेची खरी निकड. म्हणून तुमच्या जमिनीवर हक्क सांगणार नाही असा शब्द दिला, वर दरसाल ४,५०० डॉलरचा माल कबूल केला.

त्यातले कापड आजही पोहोचते. रक्कम तीच, भाव मात्र चढलेले. त्यामुळे वाट्याला येणारा सुती तुकडा आखूड होत गेला. तरी तो कुणी नाकारत नाही. कापड आले म्हणजे करार चालू!

जमिनीच्या कलमाची मात्र सरकारनेच वासलात लावली. किंझुआ धरणासाठी १९६०च्या दशकात सेनेकांची सुमारे १०,००० एकर जमीन गेली. अध्यक्ष केनेडींकडे दाद मागूनही काम थांबले नाही. १९६४ मध्ये अमेरिकी काँग्रेसने सुमारे दीड कोटी डॉलर भरपाई मंजूर केली.