जातीय रहदारी

काही वर्षांपूर्वी आदिलाबादेत मराठी निबंध तपासताना माझी तांबडी पेन्सिल एका वाक्यापाशी थांबली. ‘आमच्या गावाजवळून जातीय रहदारी जाते,’ असे एका मुलाने लिहिले होते. मी ते खोडले व समासात ‘अर्थहीन’ असा शेरा मारला. चूक त्याची नव्हती, माझी होती.

तेलुगूत ‘जाति’ म्हणजे राष्ट्र आणि ‘रहदारी’ म्हणजे मोठा रस्ता. हिंदीतील ‘राष्ट्रीय राजमार्ग’ आणि आपला ‘राष्ट्रीय महामार्ग’ तेलुगूत ‘जातीय रहदारी’ होतो. आपणांस मात्र ‘जातीय’ म्हणताच भेदाभेद आठवतो, आणि रहदारी म्हणजे रस्त्यावरील वर्दळ!

शब्द मूळचा फारसी. ‘राह’ म्हणजे वाट, ‘राहदार’ म्हणजे वाटेवरचा रखवालदार. मोगलांच्या राज्यात मालावर वाटेत घेतल्या जाणाऱ्या जकातीस ‘राहदारी’ म्हणत. औरंगजेबाने राज्यावर आल्यावर लवकरच ती माफ केली. जुन्या मराठीत प्रवासाच्या परवान्यालाही राहदारी म्हणत. पुढे मराठीने या शब्दातून वर्दळ उचलली, तर तेलुगूने प्रत्यक्ष रस्ताच उचलला.

आदिलाबादचा हा रस्ता नागपूरहून येतो, पैनगंगा ओलांडतो आणि निर्मल, कामारेड्डीवरून हैदराबादेस जातो. १९४३ साली नागपुरातच भरलेल्या मुख्य अभियंत्यांच्या परिषदेने देशातील रस्त्यांची प्रतवारी ठरविली. पुढे हा रस्ता वाराणसी ते कन्याकुमारी या सात क्रमांकाच्या महामार्गाचा भाग होता. २०१० च्या फेररचनेत तो श्रीनगर ते कन्याकुमारी या चव्वेचाळीस क्रमांकात गेला. परंतु क्रमांकाने हाक मारतो कोण? नागपुरात तो ‘वर्धा रोड’, हैदराबादच्या उत्तरेस ‘मेडचल रोड’. जो तो पुढच्या गावाचे नाव घेतो. आणि आमच्या भागातील म्हाताऱ्यांच्या तोंडी ती नुसती ‘सडक’. निजामाच्या राज्यात दरबाराची भाषा उर्दू होती, तिची ही खूण होय.

१९५६ साली भाषावार प्रांतरचना झाली. आदिलाबाद जिल्ह्यातील राजुरा व किनवट हे तालुके मुंबई राज्यात गेले. जैनथ, बेला या बाजूची मराठी बोलणारी गावे आंध्र प्रदेशात राहिली व २०१४ पासून ती तेलंगणात आहेत. सीमा कागदावर एका दिवसात आखता येते. घरातील बोली तशी तोडता येत नाही. त्या मुलाच्या घरी सडक, पाटीवर रहदारी आणि पुस्तकात महामार्ग. त्याने तिन्हींशी प्रामाणिक राहून एक वाक्य लिहिले, आणि मी शिक्षक असूनही ते वाचू शकलो नाही.

दुसऱ्या दिवशी मी वही मागून घेतली, शेरा खोडला आणि तिन्ही शब्द फळ्यावर शेजारी शेजारी लिहिले. मग मुलांना विचारले, ‘तुमच्या घरी काय म्हणतात?’ एका मुलीने गोंडी शब्द सांगितला. तो मला लिहिता येईना. तेव्हा खडू तिच्याच हाती दिला.