लेखापरीक्षण अहवाल: शिक्क्यापलीकडचे काय वाचावे?

विहार समिती असो, वसतिगृह असो की शिक्षण संस्था. नोंदणीकृत संस्थेचा पैसा लोकवर्गणीचा असतो. त्याचे हिशेब दरवर्षी संस्थेबाहेरचा लेखापरीक्षक तपासतो. मात्र वार्षिक सभेत ‘ऑडिट झाले आहे’ एवढेच सांगून पुढचा विषय घेतला जातो. अहवालात लिहिले काय आहे, हे विचारणारे कार्यकर्ते आम्हाला फार कमी भेटतात. त्यांच्यासाठी ही माहिती.

मताचे चार प्रकार

लेखापरीक्षक हिशेबांवर आपले मत देतो. ताळेबंद योग्य चित्र दाखवत असेल तर ते बिनशर्त मत. एखाद्या बाबीपुरता आक्षेप असेल तर सशर्त मत. हिशेब मुळातच दिशाभूल करणारे असतील तर प्रतिकूल मत. आणि पुरेसे पुरावेच मिळाले नाहीत तर मत देण्यास असमर्थता. म्हणजे ऑडिट होणे आणि हिशेब स्वच्छ असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

जगभर काय बदलले?

पूर्वी कंपन्यांचे अहवाल एकाच साच्यातले असत. नाव बदलले की झाले. जानेवारी २००९ मध्ये सत्यम कंपनीच्या अध्यक्षांनी स्वतःच कबुली दिली, की पुस्तकात दाखवलेली सुमारे ५,०४० कोटींची रोकड व बँक शिल्लक अस्तित्वातच नाही. त्याआधीची वर्षे अहवाल मात्र स्वच्छ होते. अशा घोटाळ्यांमुळे आणि जागतिक आर्थिक संकटामुळे अहवालाच्या उपयोगावरच प्रश्न उभा राहिला.

ब्रिटनने २०१३ मध्ये सविस्तर अहवालाची सुरुवात केली. २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय मानके बदलली. भारतात १ एप्रिल २०१८ पासून सुरू होणाऱ्या वर्षांसाठी, शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना नवे मानक लागू झाले. आता मत अहवालाच्या सुरुवातीलाच द्यावे लागते. तपासणीत सर्वाधिक लक्ष कुठे द्यावे लागले, का, आणि तिथे काय तपासले, हेही लिहावे लागते.

आपल्या संस्थांचे काय?

महाराष्ट्रात सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० लागू आहे. कलम ३४ नुसार अनियमित, बेकायदा वा अयोग्य खर्च, वसूल न केलेली रक्कम, नुकसान किंवा उधळपट्टी लेखापरीक्षकाने अहवालात नोंदवायची असते. त्यामागे विश्वस्तांचा गैरव्यवहार आहे का, हेही सांगायचे असते. अहवालाची प्रत धर्मादाय कार्यालयात जाते.

नियम १९ मध्ये तर प्रश्नांची यादीच आहे: रोकड आणि व्हाउचर जुळतात का? स्थावर-जंगम मालमत्तेची नोंदवही नीट आहे का? निधी दुसऱ्याच कामासाठी वापरला का? वर्षाहून अधिक काळ थकलेली येणी किती? पाच हजारांहून अधिक खर्चाच्या बांधकाम-दुरुस्तीसाठी निविदा मागवल्या का? कलम ३६ डावलून जमीन वा इमारत दुसऱ्याला दिली का?

म्हणजे कायद्यात प्रश्न आहेतच. अडचण उत्तरांची आहे. बहुतेकदा ‘होय’, ‘नाही’, ‘लागू नाही’ एवढ्यावर भागवले जाते. शिवाय लेखापरीक्षक नेमणारे आणि त्याची फी देणारे विश्वस्तच असतात. आपण कुणाचा पैसा तपासतो आहोत, याची आठवण त्याला सभासदांनीच करून द्यायला हवी.

कार्यकर्त्यांनी काय करावे?

• सभेत ताळेबंदाबरोबर लेखापरीक्षकाचा पूर्ण अहवाल मराठीतून वाचून दाखवण्याची मागणी करावी.

• ‘लागू नाही’ असे लिहिले असेल तिथे कारण विचारावे. इमारत बांधून झाली आणि निविदेपुढे ‘लागू नाही’ असेल, तर प्रश्न तिथेच आहे.

• गेल्या वर्षीचे आक्षेप काढून, त्यांचे पुढे काय झाले ते ठरावात नोंदवून घ्यावे.

• एकच आक्षेप तीन वर्षे तसाच राहिला, तर लेखी खुलासा मागावा.

• प्रत मिळत नसेल तर धर्मादाय कार्यालयाकडे माहिती अधिकाराचा अर्ज करावा.

प्रश्न विचारणे म्हणजे विश्वस्तांवर अविश्वास दाखवणे नव्हे. महिन्याच्या मजुरीतून शंभर रुपये काढून देणाऱ्या माणसाला, ते कुठे गेले हे कळण्याचा हक्क आहे. प्रामाणिक विश्वस्तांनाही सविस्तर अहवालच कुजबुजीपासून वाचवतो. येत्या वार्षिक सभेला जाताना गेल्या वर्षीचा अहवाल सोबत घेऊन जाऊया.