खबऱ्या, माफीचा साक्षीदार आणि कादंबरीकार

मराठी समीक्षेने हेरकथेची दखल घेतली ती बहुधा रंजनपर वाङ्मयाच्या समाजशास्त्रापुरतीच. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांची विपुलता आणि त्यांचा वाचकवर्ग यांविषयी थोडेफार लिहिले गेले. परंतु गुप्ततेचा सत्तेशी आणि माणसाच्या स्वभावाशी असलेला संबंध हा कादंबरीचा आशय होऊ शकतो का, हा प्रश्न आपल्याकडे क्वचितच उपस्थित झाला. इंग्रजीत सॉमरसेट मॉम यांच्यापासून जॉन ल कारे यांच्यापर्यंत, स्वतः गुप्तचर खात्यात वावरलेल्या लेखकांनी तो विचारला. त्यांच्या शेजारी ठेवून वाचावा असा एक लेखक मराठी कुटुंबातला आहे. तो इंग्रजीत लिहिता झाला, एवढ्याच कारणाने तो आपल्या चर्चाविश्वाबाहेर राहिला. हा लेखक म्हणजे मनोहर माळगावकर (१९१३-२०१०).

बेळगावपलीकडे, उत्तर कन्नडच्या जंगलपट्ट्यातील जगलबेट हे त्यांचे गाव. दुसऱ्या महायुद्धात मराठा लाइट इन्फन्ट्रीत अधिकारी असताना त्यांनी प्रतिहेरगिरीच्या शाखेतही काम केले. हा तपशील त्यांच्या हेरकादंबऱ्यांच्या संदर्भात नेहमी सांगितला जातो. गंमत अशी की 'स्पाय इन अँबर' (१९७१) किंवा 'बँडिकूट रन' (१९८२) या घोषित हेरकादंबऱ्यांतून त्या अनुभवाचे सत्त्व फारसे उतरलेले नाही. तेथे वेग आहे, लष्करी जीवनाची अचूक माहिती आहे. पण गुपित ही एक वस्तू होऊन बसते, आणि ती कोणाच्या हाती लागणार एवढीच वाचकाची उत्कंठा उरते. 'शालिमार' (१९७८) तर कृष्णा शाह यांच्या चित्रपटावरूनच बेतलेली. गुप्ततेविषयी माळगावकरांना जे खरोखर म्हणायचे होते ते अन्यत्र शोधावे लागते.

ते प्रथम सापडते 'अ बेंड इन द गँजेस' (१९६४) या फाळणीच्या कादंबरीत. शफी उस्मान आणि देवीदयाळ एका गुप्त क्रांतिकारी गटात आहेत. या गटात हिंदू-मुसलमान असा भेद नाही. शपथेने बांधलेली गुप्तता हाच त्यांचा धर्म. गट फुटतो तो पोलिसांच्या चातुर्याने नव्हे. धाड पडणार हे शफीला आधी कळते आणि तो हिंदू साथीदारांना पकडले जाऊ देतो. फाळणीची पहिली रेषा माळगावकरांनी ओढली आहे ती नकाशावर नव्हे, तर कोणाला सावध करायचे आणि कोणाला नाही, या एका मूक निर्णयात. दुसरीकडे अहिंसेचे व्रत घेतलेला ग्यान तलवार भावाच्या खुनाचा सूड घेऊन अंदमानात पोहोचतो. सेल्युलर जेल म्हटले की मराठी वाचकाच्या मनात कोलू आणि काव्य येते. तेथला खबऱ्या सहसा येत नाही. ग्यान तोच होतो. देवीदयाळच्या पलायनाचा बेत तो अधीक्षकाला कळवतो. पुढे स्वतः सुटून आल्यावर त्याच देवीदयाळच्या मैत्रीचा दाखला देऊन तो त्याच्या वडिलांकडे नोकरी मिळवतो! ग्यान खलपुरुष नाही, हे येथे लक्षात घ्यायला हवे. बलवानाच्या सावलीत राहण्याची त्याची गरज इतकी साधी आहे की वाचकाला ती स्वतःत ओळखता येते. सत्ता गुपिते हिसकावून घेत नाही, ती आपणहून आणून दिली जातात, हे माळगावकरांना प्रतिहेरगिरीच्या शाखेत कळले असावे असा माझा तर्क आहे.

उल्हासनगरच्या वर्गात ही कादंबरी शिकवताना एक वेगळीच अडचण येते. महायुद्धकाळातील कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधमधून आलेल्या निर्वासितांची वस्ती झाली, ८ ऑगस्ट १९४९ रोजी तिला नवे नाव मिळाले. पण लोक अजूनही कॅम्प एक, कॅम्प दोन असाच पत्ता सांगतात. या घरांतल्या मुलांना फाळणीतील हिंसा समजावून सांगावी लागत नाही. त्यांना अवघड जाते ते शफीचे मौन. शेजारच्या अंबरनाथमधली, ऑर्डनन्स फॅक्टरीच्या वसाहतीत वाढलेली मुले मात्र ते चटकन ओळखतात. १९२३ चा शासकीय गुपितांचा वसाहतकालीन कायदा स्वतंत्र भारतानेही जवळ ठेवला, हे त्यांना पुस्तकातून कळलेले नसते.

निर्वासितांच्या अशाच लोंढ्यातील एक तरुण माळगावकरांच्या दुसऱ्या महत्त्वाच्या पुस्तकात भेटतो. 'द मेन हू किल्ड गांधी' (१९७८) हे इतिहासकथन. पण त्याची रचना हेरकथेची आहे, आणि फरक एवढाच की येथे गुपित कधी गुपित नव्हतेच. मदनलाल पाहवाने कटाविषयी रुइया महाविद्यालयातील प्राध्यापक जगदीशचंद्र जैन यांना आधीच सांगितले होते. २० जानेवारी १९४८ च्या स्फोटानंतर जैन यांनी ते मोरारजी देसाईंच्या कानावर घातले. पकडलेल्या मदनलालच्या जबाबात एका मराठी वृत्तपत्राच्या संपादकाचा उल्लेख होता. तरीही मधले दहा दिवस निघून गेले. पुढे नोव्हेंबर १९६४ मध्ये पुण्यातील एका समारंभात ग. वि. केतकरांनी आपल्याला पूर्वकल्पना होती असे जाहीरपणे म्हटले, आणि त्यातून उठलेल्या वादळाची परिणती अखेर कपूर आयोगात झाली. माहितीचा अभाव हे कारण येथे टिकत नाही. माहिती होती, ती सांगणारा निर्वासित होता, ऐकणारा महाविद्यालयीन शिक्षक होता, आणि दोघांच्या शब्दाला अधिकाराच्या पायऱ्या चढता चढता वजन उरले नाही. सत्ता गुपित राखते यापेक्षा ती ऐकत नाही, हे माळगावकरांचे अधिक तीक्ष्ण निरीक्षण आहे.

खटल्यात उभा राहतो तो पुण्याचा शस्त्रविक्रेता दिगंबर बडगे, माफीचा साक्षीदार. ग्यान तलवार लिहून झाल्यानंतर चौदा वर्षांनी माळगावकरांना तो इतिहासात भेटला, असेच वाटते. १० फेब्रुवारी १९४९ च्या निकालात सावरकर निर्दोष सुटले, कारण बडगेच्या साक्षीला त्यांच्या बाबतीत स्वतंत्र दुजोरा नव्हता.

आणि येथेच एक विलक्षण गोष्ट घडते. २००८ च्या आवृत्तीच्या प्रास्ताविकात माळगावकर सांगतात की पहिल्या आवृत्तीतून त्यांनी काही मजकूर गाळला होता. सावरकरांविरुद्धच्या आरोपाला आधार नाही असे डॉ. आंबेडकरांनी सावरकरांचे वकील ल. ब. भोपटकर यांना खाजगीत सांगितले होते, असा तो मजकूर. इतिहास-संशोधकाला हा पुरावा म्हणून जसाच्या तसा स्वीकारता येणार नाही, कारण दोघांतील खाजगी संभाषण तिसऱ्याच्या लेखणीतून, साठ वर्षांनी आपल्यापुढे येते आहे. बडगेच्या साक्षीला न्यायालयाने लावलेली कसोटी येथेही लावायला हवी. समीक्षकाला मात्र निराळा प्रश्न पडतो. गुपित आणून देणाऱ्यांचा आयुष्यभर अभ्यास करणारा हा लेखक स्वतः गुपित धरून बसला, आणि कारण दिले आणीबाणीचे. आणीबाणी २१ मार्च १९७७ रोजी उठली होती; पुस्तकावरचे वर्ष १९७८ आहे. हस्तलिखित आधी तयार झाले असेल, प्रकाशकाचा धीर सुटला असेल. आंबेडकर १९५६ मध्ये आणि सावरकर १९६६ मध्ये निवर्तले होते, म्हणजे ज्यांना झळ पोहोचावी अशी ही दोन्ही माणसे हयात नव्हती. नंतरची तीस वर्षे उरतातच. जगलबेटच्या घरात ती कोणाच्या भयाने गेली, हे त्या प्रास्ताविकात लिहिलेले नाही.