चार चाकांचा जोर कुठे संपतो : मुरीच्या बर्फरात्रीचा घटनाक्रम

साजगाव, खोपोली, खालापूर या पट्ट्यात बर्फ पडत नाही. पण डिसेंबर उजाडला की इथेही मनालीचे बेत ठरतात, आणि ज्याच्या दारात फोर बाय फोर उभी असते तो जरा जास्तच निर्धास्त असतो. पावसाळ्यात भाताच्या शेतालगतच्या चिखलातून गाडी काढलेली असते. बर्फ म्हणजे पांढरा चिखलच, असं त्याला मनापासून वाटतं. हा समज किती महाग पडू शकतो, हे जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातल्या मुरीने दाखवून दिलं. मुरी हे इस्लामाबादजवळचं सुमारे साडेसात हजार फुटांवरचं थंड हवेचं ठिकाण. तिथे बर्फात अडकलेल्या गाड्यांमध्ये एका रात्रीत २२ माणसं गेली. त्या दिवसांचा हा घटनाक्रम आपल्या गाडीच्या चाकांकडे बघत वाचायला हवा.

जानेवारी २०२२ चा पहिला आठवडा : काही दिवस आधी

मुरीत बर्फ पडू लागतो. बातमी पसरते आणि गाड्यांची रीघ लागते. त्यांतल्या बहुतेक साध्या कुटुंबांच्या साध्या गाड्या. मैदानी मुलखातले टायर, साखळ्या नाहीत.

इथेच पहिली गोष्ट ठरून जाते. गाडी रस्त्याला धरते ती टायरच्या तळहाताएवढ्या चार ठिकाणी. फोर बाय फोर म्हणजे इंजिनाचा जोर त्या चारही ठिकाणी वाटून देणं. पकड काही त्यामुळे वाढत नाही. उन्हाळी टायरचं रबर थंडीत कडक होतं आणि बर्फाला धरत नाही. म्हणून बर्फाचे टायर घातलेली, दोनच चाकांना जोर देणारी गाडी पुष्कळदा साध्या टायरच्या फोर बाय फोरपेक्षा भरवशाची ठरते.

*हाती काय उरलंय : सगळं. टायर, साखळ्या, जायचं की नाही हा निर्णयही.*

बुधवार, ५ जानेवारी : तीन दिवस आधी

हवामान खातं पुढच्या दिवसांसाठी जोरदार हिमवृष्टीचा इशारा देतं. त्याच सुमारास एक केंद्रीय मंत्री सुमारे एक लाख गाड्या मुरीत आल्याचं कौतुकाने सांगतात. लोकांच्या हाती पैसा खेळतोय याची ती खूण, असा त्यांचा सूर. डोंगरावरचे रस्ते मोजकेच, आणि चढणाऱ्या गाड्यांना कोणी थांबवत नाही.

फोर बाय फोरच्या चालकाने हा इशारा दुप्पट गंभीरपणे घ्यायला हवा. त्याची गाडी इतरांपेक्षा पुढे जाते, म्हणून अडकते तीही जास्त वर आणि मदतीपासून जास्त लांब. शिवाय अरुंद घाटरस्त्यावर पुढची एक साधी गाडी आडवी झाली, की मागच्या सगळ्या फोर बाय फोर तिच्याइतक्याच हतबल.

*हाती काय उरलंय : घरी थांबणं, किंवा पायथ्याशी मुक्काम करून आकाश निवळायची वाट बघणं.*

शुक्रवार, ७ जानेवारी, दिवस : बर्फाचा जोर वाढतो

रस्त्यावर ताजा बर्फ साचतो, गाड्यांच्या वजनाने दबतो, गुळगुळीत होतो. चढावर पहिली गाडी जागेवर चाक फिरवू लागते.

चिखलाची सवय घात करते ती याच क्षणी. चिखलात अ‍ॅक्सिलरेटर दाबला तर फिरतं चाक खाचांतला चिखल झाडून टाकतं आणि खालची घट्ट जमीन गाठतं. बर्फात फिरतं चाक खालचा थर वितळवतं. तो लगेच गोठतो आणि चाकाखाली काच तयार होते. म्हणून बर्फात जोर कमी लावायचा. दुसऱ्या गिअरवर हळू उचल घ्यायची, चढ लागायच्या आधीच फोर-हायमध्ये (चारही चाकांना जोर, नेहमीचा वेग) यायचं. चाक फसल्यावर लिव्हर ओढण्यात उशीर झालेला असतो. फोर-लोमध्ये (चारही चाकांना जोर, पण कमी वेग) जोर बराच वाढतो, त्यामुळे चाकं आणखी सहज फिरतात; त्याचा खरा उपयोग तीव्र उतारावर, पहिल्या गिअरमध्ये इंजिनाने गाडी अडवत उतरण्यासाठी. फोर-लो टाकायचा तो गाडी थांबवून किंवा अगदी सरपटत असताना, गिअर न्यूट्रल करून. आणि कोरडा डांबरी रस्ता लागला की टू-हायवर, म्हणजे दोनच चाकांच्या जोरावर, परत यायचं. मधला डिफरन्शियल नसलेल्या गाडीत वळणावर पुढची-मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात आणि सगळा ताण चाकांना जोर पोचवणाऱ्या यंत्रणेवर येतो.

साखळ्या चारही चाकांना लावाव्यात. फक्त मागे लावल्या तर स्टिअरिंग ऐकत नाही, फक्त पुढे लावल्या तर उतारावर मागचा भाग फिरतो. त्या घरी अंगणात एकदा लावून पाहिलेल्या असाव्यात. गोठलेल्या बोटांनी अंधारात पहिल्यांदा लावणं फार अवघड.

*हाती काय उरलंय : वळून खाली उतरणं. मागे रांग लागली नसेल तरच.*

शुक्रवार, संध्याकाळ : उतार

परतीच्या आणि चढणाऱ्या गाड्या समोरासमोर येतात. वाहतूक जागेवर थांबते. वादळाने झाडं उन्मळून रस्त्यांवर पडतात.

उतारावर फोर बाय फोरचं मोठं सत्य उघडं पडतं. ब्रेक प्रत्येक गाडीला चारही चाकांना असतात. ब्रेक दाबून थांबताना फोर बाय फोरला काडीचाही फायदा नाही. ताशी ४० किलोमीटर वेगाची गाडी कोरड्या डांबरावर साधारण ९ मीटरमध्ये थांबते. दबलेल्या बर्फावर तिला ३० मीटर लागतात, गोठून काचेसारख्या झालेल्या बर्फावर ६० मीटरच्या वर. यात पाय ब्रेककडे जाईपर्यंतचं अंतर धरलेलंच नाही. सहज वेग घेणाऱ्या गाडीत बसलेल्याला रस्ता किती निसरडा आहे हे कळतच नाही. कळतं ते ब्रेक दाबल्यावर.

*हाती काय उरलंय : गाडी कडेला लावून, अजून उजेड आहे तोवर चालत जवळचं घर किंवा हॉटेल गाठणं.*

शुक्रवार, रात्र ते मध्यरात्र

सुमारे ४ फूट बर्फ साचतो. पारा शून्याच्या बराच खाली जातो. हजारो गाड्या जागीच गाडल्या जातात. बर्फ हटवणारी बहुतेक वाहनं एकाच ठिकाणी उभी होती, हे पुढे चौकशीत समोर आलं. अडकलेल्यांपैकी एक पोलीस अधिकारी गाडीतून नातेवाइकाला आवाजी निरोप पाठवून मदत मागतो. त्याच्यासह त्याच्या कुटुंबातले आठ जण त्या रात्रीतून वाचत नाहीत.

साजगावच्या यात्रेच्या गर्दीत गाडी अडकली तर माणूस काचा खाली करतो, कंटाळतो, शेवटी उतरून चालत खोपोली गाठतो. अडकलेली गाडी म्हणजे फक्त उशीर, हीच आपली समजूत. बर्फात ती समजूत जीव घेते. गाडीबाहेर थंडी असते, म्हणून लोक काचा बंद करून हीटर लावतात. बर्फ चढत चढत सायलेन्सरच्या तोंडापर्यंत येतो. बाहेर जाऊ न शकलेला धूर गाडीखाली कोंडतो आणि फटींतून आत शिरतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट धरतं. डोकं जड होतं, झोप येते, आणि थकलेल्या माणसाला ती झोप साधीच वाटते.

*हाती काय उरलंय : सायलेन्सरभोवतीचा बर्फ पुन्हा पुन्हा काढणं. इंजिन तासाला फक्त दहा मिनिटं चालवणं. वारा येतो त्याच्या पलीकडच्या बाजूची काच बोटभर उघडी ठेवणं. सगळ्यांनी एकदम न झोपता एकाने जागं राहणं.*

शनिवार, ८ जानेवारी, सकाळ

बचाव पथकं पायी गाड्यांपर्यंत पोचतात. काचा बर्फाने झाकलेल्या. मृतांमध्ये १० पुरुष, २ स्त्रिया आणि १० मुलं. काही थंडीने गेले, काही गाडीत साठलेल्या विषारी वायूने. लष्कर बोलावलं जातं, मुरी आपत्तीग्रस्त जाहीर होते, नंतर अधिकाऱ्यांवर कारवाई होते.

*हाती काय उरलंय : काहीच नाही.*

आपल्या वाटेवर

हे शेजारच्या देशात घडलं म्हणून सोडून देता येत नाही. २३ डिसेंबर २०२४ च्या संध्याकाळी मनालीजवळ सोलंग ते अटल बोगदा या पट्ट्यात सुमारे १००० गाड्या अडकल्या. चारच दिवसांनी, २७ डिसेंबरला, सोलंग नाल्यात सुमारे ५००० पर्यटक अडकले. दोन्ही वेळा हिमाचल पोलिसांनी बर्फात उभं राहून लोकांना बाहेर काढलं. गर्दी तशीच, साधे टायरही तसेच. फरक पडला तो मदत वेळेत पोचल्याने. अशा बर्फात तिथले पोलीस वरच्या रस्त्यावर फक्त फोर बाय फोर किंवा साखळ्या लावलेल्या गाड्या सोडतात. त्या परवानगीला सुरक्षिततेचं प्रमाणपत्र समजणं ही मोठी चूक. तिचा अर्थ एवढाच, की तुमची गाडी चढू शकते.

मुरीच्या घटनाक्रमात दर टप्प्याला पर्याय कमी होत गेले, आणि त्यांतला एकही पर्याय गिअरच्या लिव्हरने परत मिळण्यासारखा नव्हता. फोर बाय फोरचा योग्य वापर म्हणजे तिचा जोर परतीसाठी राखून ठेवणं. वर जाताना फोर-हायची गरज पडू लागली, की त्या जोरावर आणखी पुढे न जाता, सुरक्षित जागा बघून गाडी वळवायची आणि खाली यायचं. खालापूरच्या चिखलात गाडी फसली तर ट्रॅक्टर येतो, चार माणसं धक्का मारतात. घाटावरच्या बर्फात रात्री कोणी येईलच असं नाही. म्हणून निघण्यापूर्वी गाडीत साखळ्या, फावडं, घोंगड्या, पाणी, टॉर्च आणि भरलेली टाकी हवी. आणि गाडीतल्या सगळ्यांना आधीच सांगून ठेवावं, की बर्फ वाढला तर आपण परत फिरणार आहोत. ऐन वेळी कोणाच्या हट्टापुढे हा निर्णय डळमळू नये, कारण गाडीत मुलं बसलेली असतात आणि त्यांच्या हाती कुठलाच पर्याय नसतो.