विक्रीपूर्व गृहसज्जा

विक्रीपूर्व गृहसज्जा म्हणजे घर विक्रीस काढण्यापूर्वी त्याच्या अंतर्भागाची केलेली डागडुजी, स्वच्छता, रंगकाम व मांडणी होय. अमेरिकेत १९७० च्या दशकापासून हा स्वतंत्र व्यवसाय बनला. महाराष्ट्रात हे काम बहुधा घरमालक, रंगारी व दलाल मिळून उरकतात. प्रस्तुत लेखात रायगड जिल्ह्यातील पनवेल शहराच्या संदर्भात माहिती दिली आहे.

पार्श्वभूमी

जुन्या पनवेलमधील वाडे व चाळी, सिडकोने (स्थापना १९७०) नवीन पनवेल येथे वसवलेल्या वसाहती आणि अलीकडची उंच गृहसंकुले अशी तीन पिढ्यांची घरे येथे शेजारीशेजारी आढळतात. अटल सेतू व नवी मुंबई विमानतळ यांच्या अपेक्षेने परिसरात नवी बांधकामे वाढली. नमुना सदनिका पाहून आलेला ग्राहक वापरलेल्या घराची तुलना नकळत तिच्याशी करतो. जुन्या घराचा मालक रंगरंगोटीकडे वळतो तो बहुधा यामुळेच.

ओल आणि रंगकाम

कोकणातील पावसामुळे येथील घरांचा मुख्य दोष ओल हाच असतो. भिंतीला लोणा लागणे, रंगाचे पोपडे सुटणे, छतावर तपकिरी डाग उमटणे ही तिची लक्षणे होत. डाग नेमका न्हाणीघराखाली असेल, तर गळती बहुधा वरच्या मजल्यावरील लाद्यांच्या सांध्यांतून किंवा नळजोडणीतून असते. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार गच्चीतून वा सामाईक नळवाहिनीतून होणारी गळती संस्थेने, तर सदनिकेतील संडास, मोरी इत्यादींची गळती संबंधित सभासदाने दुरुस्त करावयाची असते. दोन मजल्यांवरील शेजाऱ्यांत याच मुद्द्यावर वाद होतात व विक्री रखडते.

कामाचा क्रम गळती थांबवणे, भिंत वाळू देणे, जुना रंग खरवडणे, लांबी भरणे, अस्तर देणे व शेवटी रंग, असा असतो. ओल्या भिंतीवर दिलेला रंग लवकरच फुगतो. घाईत हा क्रम उलटा केला जातो. दसरा-दिवाळीच्या सुमारास रंगवलेले घर म्हणूनच देखणे दिसते. जाणकार ग्राहक मात्र ते भर पावसात पुन्हा पाहून जातो.

मांडणी

माळ्यावरील जुनी भांडी, मोडकी खाटली व वर्तमानपत्रांचे गठ्ठे काढल्याने खोली मोठी भासते. ओट्याखालची जागा, मोरी व विजेची बटणे ग्राहक आवर्जून तपासतात. दागिने व मूळ कागदपत्रे आधीच हलवणे इष्ट. देव्हारा मात्र शेवटच्या दिवसापर्यंत जागच्या जागी राहतो. रिकामे घर दाखवणे सोपे असले, तरी त्यात भिंतींचे दोष अधिक उठून दिसतात.

कायदेशीर बाजू

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ नुसार, विक्रेत्याला ठाऊक असलेला, पण ग्राहकाला सामान्य दक्षतेने कळू न शकणारा महत्त्वाचा दोष सांगणे हे, उलट करार नसल्यास, विक्रेत्याचे कर्तव्य आहे. असा दोष न सांगणे हे कलम कपटाचे मानते. त्यामुळे डाग झाकण्यासाठी केलेले रंगकाम व डाग नाहीसा करण्यासाठी केलेली दुरुस्ती यांत कायद्याच्या दृष्टीनेही अंतर पडते. सज्जा बंद करून खोलीत घेणे किंवा भिंत पाडणे यांसारखे विनापरवाना बदल रंगाने झाकले जात नाहीत. मंजूर नकाशाशी ताडून पाहिल्यावर ते उघड होतात. सिडकोच्या भाडेपट्ट्याच्या जमिनीवरील घरांसाठी हस्तांतरणाची परवानगीही लागत आली आहे.