निसर्ग आलं तेव्हा घरात कोण होतं?

आजचा भाग ३ जून २०२० या एका दिवसाबद्दल आहे. या तारखेचा इतिहास कसला, परवाचीच तर गोष्ट, असं काही जण म्हणतील. पण त्या दिवशी रायगडच्या किनाऱ्यावर जे झालं ते पाहिलेला माणूस तिथल्या बहुतेक घरांत उरलेला नव्हता. आजी-आजोबांनासुद्धा असं वादळ नवीन होतं. त्यामुळे थोडं मागे जावंच लागेल.

आधी एक खोटी गोष्ट बाजूला काढू. इंटरनेटवर जगातल्या भीषण वादळांच्या याद्या फिरतात. त्यात एक नाव हमखास असतं: १८८२ च्या जूनमधलं मुंबईचं महाचक्रीवादळ, मृतांचा आकडा १ लाख. आता हिशेब करा. १८८१ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या पावणेआठ लाखांच्या आसपास होती. म्हणजे आठातला एक माणूस गेला म्हणायचा. एवढं झालं असतं तर त्या वेळच्या वर्तमानपत्रांची पानंच्या पानं भरली असती. अभ्यासकांनी शोध घेतला, तर ना वर्तमानपत्रांत काही सापडलं, ना हवामानाच्या नोंदींत. ते वादळ झालंच नव्हतं.

मग आपल्याकडे वादळं येतच नाहीत का? येतात. मे १६१८ मध्ये वसई-मुंबई पट्ट्याला मोठ्या वादळानं झोडपलं, ते पोर्तुगीज काळातल्या लेखनात नोंदलेलं आहे. आमच्या कोपर स्टेशनवरून दिवा-वसईची गाडी जाते ना, तीच वसई. नोव्हेंबर १९४८ मध्ये मुंबईला जबर तडाखा बसला. ११ नोव्हेंबर २००९ ला फयान आलं आणि कोकणातले मच्छीमार समुद्रात अडकले. पण दोन मोठ्या तडाख्यांमधलं अंतर बघा. एका माणसाच्या आयुष्याएवढं. ज्यानं पाहिलं तो सांगायला राहत नाही, आणि पुढची पिढी म्हणते, आपल्याकडे असं काही होत नाही. खोट्या १८८२ नं भीती दाखवली, आणि खऱ्या नोंदी मात्र कुणी वाचल्या नाहीत.

आता २०२० कडे येऊ. जूनच्या पहिल्या दिवशी अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र बळावत होतं. २ तारखेला त्याचं चक्रीवादळ झालं. त्याचं 'निसर्ग' हे नाव बांगलादेशानं सुचवलेलं. जून महिन्यात महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर चक्रीवादळ धडकल्याची ही १८९१ नंतरची पहिलीच नोंद, असं तेव्हा सांगितलं गेलं.

आणि वेळ कोणती? लॉकडाऊनची. लोकल प्रवाशांसाठी बंद. कोपर स्टेशनवर चिटपाखरू नाही. बीकेसीच्या मैदानावरच्या कोविड केंद्रातले रुग्ण दुसरीकडे हलवावे लागले. आदल्या महिन्यात कितीतरी चाकरमानी बायकापोरांना घेऊन गावी गेले होते, कारण डोंबिवलीतल्या दोन खोल्यांपेक्षा गावचं घर सुरक्षित वाटत होतं. म्हणजे एरवी जून उजाडताच शाळेसाठी परत येणारी मुलं त्या वर्षी गावातच होती. नेमकी वादळाच्या वाटेत.

आम्ही कोपरला खिडक्यांना चिकटपट्ट्या लावल्या, पाणी भरून ठेवलं, मोबाईल चार्ज केले. दुपारी वारा सुटला, पाऊस आला, थोडी झाडं पडली. संध्याकाळी लोक म्हणाले, हॅः, एवढंच होय!

एवढंच का झालं, ते समजून घ्या. आपल्या गोलार्धात चक्रीवादळाचा वारा घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतो. वादळ ज्या दिशेनं पुढे सरकतं, तिच्या उजव्या बाजूला दोन्ही वेगांची बेरीज होते आणि डाव्या बाजूला वजाबाकी. निसर्ग ईशान्येकडे सरकत होतं. अलिबागच्या दक्षिणेला, दिवेआगरच्या आसपास, ते दुपारी जमिनीवर आलं. ताशी ११० ते १२० किलोमीटरचा वारा. मुंबई-ठाणे डाव्या बाजूला पडले. श्रीवर्धन, म्हसळा, मंडणगड, दापोली यांच्या वाट्याला उजवी बाजू आली. वाट थोडी उत्तरेला सरकली असती, तर ही बेरीज आपल्याकडे झाली असती.

माझी आत्या म्हसळ्याकडच्या एका गावात असते. घरात ती, तिची सून आणि दोन नातवंडं, एक सहा वर्षांचं, एक तीनचं. तिचा फोन लागला तो पाचव्या दिवशी. "अरे, आधी पडवीचे पत्रे गेले," ती सांगत होती. "मग कौलं. एकेक नाही रे, रांगच्या रांग. पोरांना घेऊन न्हाणीत बसलो, तिथं वर स्लॅब आहे ना." मोठा नातू विचारत होता, हे कधी थांबणार? आत्या म्हणाली, मला कुठं ठाऊक होतं! मी कधी पाहिलंय? मग त्यांनी मुलांना गोधडीत गुंडाळलं आणि पाढे म्हणायला लावले. वाऱ्याच्या आवाजात पाढे ऐकूच येत नव्हते, पण म्हणत राहिले. मध्येच वाऱ्यानं दिशा बदलली, आणि आधी तग धरलेली बाजूही गेली.

अशी न्हाणी किती घरांना होती, हा खरा प्रश्न आहे.

कोकणातलं घर बांधलेलं असतं पावसासाठी. उतरतं छप्पर, पाणी झरझर खाली जावं म्हणून. पूर्वी पेंढा आणि नळीची कौलं असायची. १८६५ मध्ये बासेल मिशननं मंगळुरूला कौलांचा कारखाना काढला, आणि पुढे ती मंगलोरी कौलं सगळ्या किनाऱ्यावर पोचली. ही कौलं रिपांवर नुसती अडकवलेली असतात. मुसळधार पावसात शंभर वर्षं टिकतील. पण जोराचा वारा छपरावरून जाताना ते वर उचलतो. त्यात एखादं दार किंवा खिडकी फुटली, की आत शिरलेला वारा खालूनही ढकलतो. शिवाय वाऱ्याचा वेग दुप्पट झाला, की त्याचा जोर चौपट होतो. ६० च्या वाऱ्यात हलणारं कौल १२० च्या वाऱ्यात जागेवर राहत नाही. घर बांधणाऱ्या गवंड्याची यात चूक नाही. त्याच्या आठवणीत असलं वादळ नव्हतंच.

सरकारनं किनाऱ्यावरच्या हजारो लोकांना हलवलं, हे मान्य करायला हवं. त्यामुळे जीव वाचले. पण हलवलं कुठे? बऱ्याचदा शाळेत. आणि कितीतरी शाळांवर तेच कौल, तेच पत्रे. वादळानंतर अनेक शाळांची छपरं उडालेली होती.

इथे ओडिशाकडे बघा. १९९९ च्या महाचक्रीवादळात तिथे जवळपास १० हजार माणसं गेली. त्यानंतर त्यांनी किनाऱ्यावर पक्के निवारे बांधले, एरवी शाळा म्हणून वापरता येतील असे. २०१३ ला फायलिन आलं तेव्हा सुमारे १० लाख लोक आधीच हलवले गेले, आणि मृतांचा आकडा काही डझनांवर थांबला. तिथल्या आईला ठाऊक असतं, मुलांना घेऊन कुठे जायचं. आपल्याकडची आई न्हाणी शोधते.

वादळ गेल्यावर मुख्यमंत्री उद्धव ठाकरे ५ जूनला अलिबागला आले, रायगडसाठी १०० कोटींची तातडीची मदत जाहीर झाली. पंचनामे झाले. नारळ-सुपारीच्या वाड्यांसाठी हेक्टरी मदत वाढवली. पण सुपारीचं झाड उत्पन्न द्यायला वर्षं घेतं, आणि हेक्टरच्या हिशेबात गुंठ्यांची वाडी असलेल्या कुटुंबाच्या हाती काय पडणार? गावांत कित्येक आठवडे वीज नव्हती. शहरातली मुलं ऑनलाईन शिकू लागली, तेव्हा तिथे मोबाईल चार्ज करायची सोय नव्हती. आत्याचा धाकटा नातू पुढे कित्येक महिने वारा सुटला की न्हाणीत जाऊन बसायचा. याचा रकाना पंचनाम्यात नसतो.

बरं, पुन्हा येणार का? वर्षही झालं नव्हतं, १७ मे २०२१ ला तोक्ते मुंबईच्या शेजारून गुजरातकडे गेलं. इथल्या किनाऱ्यावर चढलंही नाही, तरी कुलाब्याला ताशी ११४ किलोमीटरची झोत नोंदली गेली आणि सांताक्रूझला २४ तासांत २३० मिलिमीटर पाऊस, तोही मे महिन्यात. अरबी समुद्राचं पाणी तापतंय, आणि तापलेलं पाणी हेच वादळाचं इंधन.

तेव्हा 'घरातच थांबा' ही सूचना ऐकली की विचारायचं, कोणत्या घरात? स्लॅबखाली राहणाऱ्यासाठी ती चांगली आहे. पण कोपरच्या खाडीकडच्या पत्र्याच्या खोलीत, किंवा पालिकेनं धोकादायक ठरवलेल्या इमारतीत दोन लहान मुलं घेऊन बसलेल्या कुटुंबासाठी तिचा अर्थ वेगळा होतो. आपल्या गल्लीतली सगळ्यात पक्की इमारत कोणती, तिचं दार त्या दिवशी कोण उघडणार, आणि आत किती मुलं मावतील, हे वारा सुटण्याआधी ठरवायला हवं. आपल्या वॉर्डात हे कुणी ठरवलंय का, एवढं या आठवड्यात विचारून बघा आणि आम्हाला कळवा.

पुढच्या भागात भेटू.