तुरीतली ‘ई’

मराठवाड्यात बदनापूरचे नाव निघाले की तुरीचा विषय निघतोच. जालना जिल्ह्यातल्या या गावी परभणीच्या कृषी विद्यापीठाचे संशोधन केंद्र आहे. तिथल्या वाणांच्या नावातली ‘बीडीएन’ ही अक्षरे बदनापूरचीच. बीडीएन-711 ही पांढरी तूर, बीडीएन-716 ही लाल. शेतकरी नुसते ‘सातशे अकरा’, ‘सातशे सोळा’ म्हणतात. वाणांचा हा इतिहास नोंदलेला आहे. ‘तूर’ या शब्दाचा इतिहास त्याहून कितीतरी जुना आहे, आणि तो सापडतो रोजच्या बोलण्यातल्या विभक्तीत.

संस्कृतात तुरीला दोन नावे आहेत, आढकी आणि तुवरी. आढकीवरून हिंदीतले अरहर आले. तुवरीची वाट गुजरातीत तुवेर, हिंदीत तुअर आणि मराठीत तूर अशी दिसते. गुजरातीने ‘व’ जपला. मराठीत तो दोन स्वरांच्या मध्ये दबला आणि त्यातून दीर्घ ‘ऊ’ उरला. तुवर म्हणजे तुरट. आपला ‘तुरट’ शब्द याच घरातला. रसशास्त्राच्या ग्रंथांत तुवरी हे तुरटीचेही नाव आहे, म्हणजे डाळीचे धान्य आणि पाणी निवळणारा खडा एकेकाळी एकाच नावाने ओळखले जात. तुरीचे टरफल चावून पाहिले तर कारण जिभेलाच कळते. त्या टरफलात टॅनिन असते, लाल तुरीत पांढरीपेक्षा जास्त.

पण तुवरीही मुळात संस्कृतची असेल असे वाटत नाही. तमिळमध्ये तुवरै, कन्नडमध्ये तोगरी; आणि तमिळमध्ये ‘तुवर’ म्हणजे तुरट, तसेच लाल. द्राविडी भाषांचे अभ्यासक हा शब्द दक्षिणेकडून संस्कृतात आला असे मानतात. तुरीची रानटी पूर्वज वनस्पतीही ओडिशा-बस्तरच्या बाजूलाच आढळते.

आता व्याकरण. ‘तूर पेरली’, पण ‘तुरीला भाव नाही’, ‘तुरीचे वरण’, ‘तुरीत कापूस’. ही ‘ई’ कुठून आली? ती नव्याने जोडलेली नाही. तुवरीच्या शेवटची ‘ई’ नुसत्या ‘तूर’ या रूपात झिजून गेली, पण प्रत्यय लागताना ती पुन्हा पुढे येते. हाच हिशेब इतर शब्दांतही जुळतो. बहीण–बहिणीला, कारण मूळ भगिनी. भिंत–भिंतीला, मूळ भित्ति. उलट सून–सुनेला, कारण मूळ स्नुषा. जीभ–जिभेला, मूळ जिह्वा. मूळ शब्द आकारान्त असेल तर सामान्यरूपात ‘ए’ येतो, इकारान्त किंवा ईकारान्त असेल तर ‘ई’. अनेकवचनही तीच साक्ष देते: बहिणी, भिंती, तुरी, पण सुना, जिभा. कधी संस्कृत न शिकलेली बाई ‘तुरीला आळी लागली’ म्हणते, तेव्हा कित्येक शतकांपूर्वीचा स्वर अचूक उच्चारते. मराठीची ही ठेव कुणी मुद्दाम जपलेली नाही. ती पिढ्यान्‌पिढ्यांच्या जिभेवर आपसूक राहिली.

वचनाचीही गोष्ट पाहण्यासारखी आहे. पोत्यात भरलेली ‘तूर’ एकवचनी, शेतात उभ्या ‘तुरी’ अनेकवचनी: ‘यंदा तुरी चांगल्या फुलल्या’. ‘बाजारात तुरी’ ही म्हण आणि ‘हातावर तुरी देणे’ हा वाक्प्रचार, दोन्हींत अनेकवचनच आहे. इतर धान्यांतही असेच: तांदूळ धुतले म्हणतो, ज्वारी मात्र धुतली. एक दाणा सांगायचा तर ‘तुरीचा दाणा’ असा वेगळा शब्द घ्यावा लागतो.

केल्टिक कुळातल्या वेल्श भाषेने ही अडचण वेगळ्या रीतीने सोडवली आहे. तिथे ‘पीस’ म्हणजे पुष्कळ वाटाणे, आणि ‘एन’ प्रत्यय लावून ‘पसेन’ म्हणजे एक वाटाणा. ‘कॉइड’ म्हणजे झाडे, ‘कॉइडेन’ म्हणजे एक झाड. ढीग हे मूळ रूप, दाणा हे साधित रूप. ‘पीस’ला प्रत्यय लागताच आतला लांब स्वर आखडतो, जसा तूरमधला दीर्घ ‘ऊ’ तुरीत ऱ्हस्व होतो. ‘पीस’ हा शब्दही मूळचा वेल्श नाही, तो लॅटिनमधून आलेला. तरी वेल्शने त्याला आपल्या व्याकरणात पुरते सामावून घेतले. द्राविडी वाटेने आलेल्या तुवरीचे मराठीत तेच झाले. शब्द कुठूनही येवो, आपल्या भाषेचे प्रत्यय त्याला लागू लागले की तो आपला होतो.

म्हणून शुद्धलेखनात ‘तूर’ दीर्घ आणि ‘तुरीचा’ ऱ्हस्व हा नियम मुलांकडून नुसता घोकून घेऊ नये. सून, बहीण, जीभ या शब्दांना ‘ला’ लावून दाखवावा आणि मूळ शब्द त्यांनाच ओळखू द्यावेत. व्याकरणाचा तास तिथे इतिहासाचा होतो, आणि त्याचा पुरावा मुलांच्या स्वतःच्याच बोलण्यात असतो.